आठ काढला, पण थांबायचं कोण शिकवणार?

आरटीओच्या मैदानावर पाय न टेकवता आठ काढला की मुलाला गाडी आली, असं आपल्याकडे धरून चालतात. आठ निघतो पहिल्या गिअरमध्ये, ताशी आठ-दहाच्या वेगात, रिकाम्या जागेत. त्यात तोल दिसतो, क्लचवरचा हात दिसतो. ६०च्या वेगात असताना पुढच्या रिक्षाने अचानक वळण घेतलं तर हा मुलगा काय करेल, हे त्यात दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात उमेदवाराने आणीबाणीत गाडी थांबवून दाखवावी असंही लिहिलेलं आहे. परवाना मिळालेल्या कुणालाही विचारा, तो तुम्हाला आठाबद्दलच सांगेल.

आपण पोरांना गाडी पळवायला शिकवतो, थांबवायला शिकवत नाही. ब्रेक, टायर, चेन, हेल्मेट ही सगळी थांबण्याची सामग्री आहे आणि नव्या गाडीच्या कौतुकात नेमकी हीच मागे पडते.

६०चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसल्यापासून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात १७ मीटर गेले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तरी आणखी २२-२३ मीटर. एकूण ४० मीटर. तोच मुलगा ४०ने चालला असता तर एका सेकंदाचे ११ आणि ब्रेकचे १०, अशा २१ मीटरांत उभा राहिला असता. वेग तिसऱ्या हिश्शाने कमी, अंतर जवळपास निम्मं. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. नववीच्या विज्ञानात हे समीकरण असतं, पोरं त्यावरची गणितं सोडवून पास होतात आणि रस्त्यावर त्याचा उपयोग त्यांना कुणी दाखवत नाही.

आता ब्रेककडे या. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पालथा होशील.’ गाडी शिकवणारा प्रत्येक काका, मामा, मित्र हे पहिल्याच दिवशी सांगतो. या सल्ल्याने माणसं जखमी होतात. ब्रेक लावला की गाडीचं आणि बसणाऱ्याचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाचा ब्रेक कितीही दाबा, ते लॉक होऊन घसरेल, थांबवणार नाही. थांबण्याची बरीचशी ताकद पुढच्या चाकातच असते. ज्याला मागचाच ब्रेक माहीत आहे त्याची गाडी ऐन वेळी शेपूट फिरवून आडवी होते, आणि लोक म्हणतात, रस्त्यावर वाळू होती.

पुढचा ब्रेक झटक्याने आवळायचा नसतो. आधी हलका दाब, वजन पुढे आलेलं हाताला जाणवलं की दाब वाढवायचा, बरोबरीने मागचाही लावायचा. हॅण्डल सरळ हवं, नजर लांब हवी. हॅण्डल वळलेलं असताना, वाळूवर, ओल्या झेब्रा पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणावर पुढचा ब्रेक जपून लावावा, एवढ्यापुरता काकांचा सल्ला खरा. हे वाचून येत नाही, हाताला सवय लागावी लागते. रविवारी सकाळी रिकामं मैदान किंवा कारखान्याबाहेरचा मोकळा रस्ता गाठा. २०च्या वेगाने सुरुवात करा, मग ३०, मग ४०. दर वेळी एका खुणेपाशी ब्रेक लावा आणि कुठे थांबलात ते पायांनी मोजा. मुलीला स्कूटर दिली असेल तर तिलाही न्या. तिला तर ब्रेक लावताना दोन्ही पाय जमिनीवर घासत न्यायचीच सवय लागलेली असते, आणि ती मोडायला कुणी बसत नाही.

१२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं होऊन बरीच वर्षं झाली. २०१८मध्ये नव्या मॉडेलांना, २०१९मध्ये सगळ्यांना. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएसही चालेल असं तेव्हा ठरलं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून गाडी सरळ राहते. ते वेग कमी करून देत नाही आणि गुळगुळीत टायरला पकड आणून देत नाही. विकणाऱ्यांनी हे दोन वाक्यांत सांगावं. त्याऐवजी शोरूममध्ये हार घातला जातो, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढला जातो आणि अठरा वर्षांच्या मुलाला पहिलीच गाडी २०० सीसीची मिळते. नव्या टायरवर साच्यातला तुळतुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर पकड कमी असते, नवे ब्रेकही तेवढ्यात बसायचे असतात. म्हणजे गाडी घरी येते त्या संध्याकाळी ती सगळ्यात जास्त घसरते. ते त्या फोटोच्या वेळी सांगायला हवं.

अठरा पूर्ण न झालेल्याच्या हाती किल्ली देणाऱ्या आईबापांसाठी २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. क्लास लांब आहे, बस वेळेवर येत नाही, ही अडचण खरी आहे. तरी चौदा वर्षांच्या पोराला गाडी देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

हेल्मेटवर आपल्याकडे सगळं बोलून झालंय आणि तरी ते कोपरात लटकलेलंच दिसतं. पुण्यात सक्तीला विरोध करायला कृती समिती निघाली. १ जानेवारी २०१९पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हाही ‘शहरात वेगच कुठे असतो’ हा मुद्दा पुन्हा पुढे आला. त्या मुद्द्याचं उत्तर साधं आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून पडणारी कुठलीही वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी वीसच्या आसपास असतो. गाडी सिग्नलला उभी असतानाही आडवी झाली तर तुमची कवटी फुटपाथच्या कडेवर त्या वेगाने आदळणार. गाडीचा काटा शून्यावर असला म्हणून डोक्याचा वेग शून्य होत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले. त्यातले ३५,६९२ चालवणारे. उरलेले १४,३३७ मागे बसलेले होते. या शेवटच्या आकड्याने मला राग येतो. मागे बायको असते, आई असते, कॉलेजची मैत्रीण असते. तिच्या हातात ब्रेक नाही, तिला खड्डा दिसत नाही, चालवणारा कधी कट मारणार ते तिला कळत नाही आणि डोकं उघडं असतं तिचंच. पुष्कळदा ती एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९मध्ये मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या मुलालाही. चारच्या आतल्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३पासून हेल्मेट, मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ४०ची वेगमर्यादा आहे. मुलांच्या मापाचं हेल्मेट गावातल्या किती दुकानांत मिळतं ते एकदा विचारून पाहा. साडी गार्ड आणि मागे धरायची कडी याही शोभेच्या वस्तू नाहीत, त्या नियमात आहेत. स्पोर्टी दिसावं म्हणून त्या काढून टाकणारा मुलगा मागे बसणाऱ्या आईचा पदर चाकात जायची सोय करून ठेवतो.

हेल्मेट घेताना कवचापेक्षा आतलं बघा. आत जाड थर्माकोलसारखा थर असतो, तो दबतो आणि मार स्वतःवर घेतो. कवटीला जो धक्का बसायचा तो त्या थरात जिरतो. म्हणून एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यावं लागतं, दबलेला थर पुन्हा फुगत नाही. रस्त्याकडेला मिळणाऱ्या पातळ टोपीत हा थरच नसतो. १ जून २०२१पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय छापाशिवाय, म्हणजे आयएस ४१५१ या मानकाबाहेर, बनवायला आणि विकायला बंदी आहे. आणि पट्टा लावा. हनुवटीखालचा पट्टा मोकळा असेल तर पहिल्या आपटीलाच हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. पोलीस दिसला की टाळूवर टेकवायचं आणि चौक ओलांडला की काढायचं, हा खेळ पाचशे-हजार रुपये वाचवण्याचा आहे. तो थांबवा.

आता गाडीची निगा. आपली पोरं गाडी पुसतात फार. टाकी चकचकीत, नंबरप्लेटवर दादाचं नाव, आरसे काढलेले. आणि चेन सुकून लालसर झालेली. ५००-७०० किलोमीटरवर चेन साफ करून तिला ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑईल द्यायला दहा मिनिटं लागतात. रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो. पेट्रोल वापरू नका, चेनमधली रबरी सील खराब होतात. कव्हर असलेल्या गाडीला एक रबरी बूच असतं, ते काढून चेन बोटाने वरखाली करून पाहा. साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फार सैल चेन स्प्रॉकेटवरून उतरते, आणि उतरून अडकली तर मागचं चाक जागीच जाम होतं. फार आवळलेली चेन तुटते.

हे काम करताना एक गोष्ट कधीच करायची नाही: गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन चालू ठेवून पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनवर फडकं धरायचं. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्यामागून बोट. बोटाचं पेर जायला क्षणही लागत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चाक हाताने फिरवायचं. गॅरेजात कामाला लागलेल्या पोरांना तरी मिस्त्रींनी हे आधी सांगावं.

वॉशिंग सेंटरवर शेवटी गाडीवर डिझेल मारतात, चमक येते म्हणून. ते टायरवर आणि डिस्कवरही जातं. धुवून निघालात की पहिल्या शंभर मीटरांत हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा, आणि डिझेल मारू नका असं त्या पोराला आधीच सांगा. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना. डबलसीट जायचं असेल तर मागच्या चाकात जास्त लागते, आकडे स्विंगआर्मवर किंवा चेनकव्हरवर चिकटवलेले असतात. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचांमध्ये एक उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की संपला. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या दांडीजवळचा बाण खुणेला भिडला का बघा, भिडला की लायनर बदला. ऑईल मेकॅनिक बघेल, पण गाडी सरळ उभी करून पातळी बघायला तुम्हालाही यायला हवी.

घाटातल्या एका सवयीबद्दल बोललंच पाहिजे. पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही जण इंजिनही बंद करतात. २०२०च्या बीएस-६ प्रदूषण निकषांनंतर जवळपास सगळ्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं. अशा बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये असताना रेस सोडली की पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर इंजिनाचा आवर निघून जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापले की दाबूनही पुरेसे धरत नाहीत. आंबेनळी किंवा आंबोली उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पावसाच्या पहिल्या सरींत तर रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून वंगण तयार होतं, तेव्हा पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवा. कोकणात सावलीच्या वळणांवर शेवाळ असतं, देशावर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल.

आणि ऊस. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर, या पट्ट्यात गाळप सुरू झालं की रात्री रस्त्यावर एकामागे एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. पंक्चर झाली तर रस्त्यातच उभी, आजूबाजूला दोन दगड. समोरून येणाऱ्याच्या झगझगीत लाईटने डोळे दिपतात आणि त्या उजेडामागे ट्रॉली असते. साध्या मोटरसायकलचा लो बीम तीस-चाळीस मीटरपलीकडे फारसं काही दाखवत नाही, आणि ६०ने थांबायला ४० मीटर लागतात हा हिशेब वर झालाच आहे. कारखान्यांनी ट्रॉली गव्हाणीला लागायच्या आधी, गेटवरच तिचा मागचा रिफ्लेक्टर तपासावा आणि नसेल तर तिथेच लावून द्यावा, त्याला वजनकाट्याच्या पावतीइतकाच वेळ लागेल. तोवर हंगामात अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर काटा ४०च्या वर नेऊ नका.