वर्गाचे हस्तलिखित: काढण्याची खात्रीशीर पद्धत

प्राथमिक शाळेत हस्तलिखित काढायला हात घालावा तो २७ फेब्रुवारीला चार दिवस उरले की. मराठी भाषा गौरव दिनाला प्रकाशन ठरलेले असते, पाहुणे ठरलेले असतात, हारही सांगून ठेवलेला असतो. राहतो तो फक्त मजकूर. काही हौशी शिक्षक जूनपासूनच मुलांना लिहायला बसवतात. त्याने मुलांना सवय लागते आणि मग ती मधल्या सुट्टीतही वही घेऊन मागे लागतात.

नाव मुलांनाच सुचवायला सांगावे. फळ्यावर सगळी लिहून घ्यावीत, टाळ्या वाजवाव्यात आणि ‘अंकुर’ ठेवावे.

पहिली आठ पाने मनोगतांची. गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, असा क्रम ठेवावा. तो चुकल्यास पुढचे वर्षभर निस्तरावे लागते. मनोगते अर्थातच वर्गशिक्षकाने लिहायची. ‘सुप्त गुणांना वाव’ प्रत्येकात एकदा आलाच पाहिजे.

आता मुलांचे लेखन. इथे खरे कौशल्य लागते. समजा, चौथीतल्या एकाने लिहून आणले: ‘आमची शेळी राती व्याली. दोन पिल्लं झाली. एक थंडीनं मेलं. शेळी त्याला चाटत व्हती. बा काय बोलला नाही. मग त्यानं माझी गोधडी दुसऱ्या पिल्लाला टाकली.’ वाचताना गुंतून पडू नये, लाल पेन हातात घ्यावे. ‘राती’, ‘व्हती’ अशुद्ध. ‘व्याली’ पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही. ‘मेलं’ तर प्रकाशनाच्या दिवशी नकोच. बा बोलला नाही, मग ते लिहायचे कशाला? गोधडीचा मुद्दा विषयाला सोडून आहे. राहिली शेळी. तिच्यावरून पुढीलप्रमाणे लेख तयार करावा: ‘शेळी हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला गरिबाची गाय म्हणतात. तिचे दूध पौष्टिक असते.’ खाली मुलाचे नाव घालावे. तो ‘गुरुजी, हे कुणी लिहिलं?’ असे विचारेल. ‘तूच’ म्हणून पाठ थोपटावी.

अंक एकाच मुलीकडून लिहून घ्यावा, जिचे अक्षर वळणदार आहे तिच्याकडून. सगळ्यांचे उतरवता उतरवता तिची स्वतःची गोष्ट राहून जाते, पण जागा तशीही नसतेच.

याबाबत काही वाईट उदाहरणे इतिहासात आहेत, ती ठाऊक असलेली बरी. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात चक्क छापखाना आणला. पोरे आपले अनुभव लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवत. तिकडून त्यांच्या गावच्या हकिगती येत. कुणीतरी वाचतोय म्हटल्यावर मुले लिहीतच सुटतात. तेवढ्यासाठी आपला अंक वर्गाबाहेर कुणाच्या हाती लागू देऊ नये. त्याच दशकात अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित काढत होते, आणि तेही दैनिक! अर्थात त्यांना रोज पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरायची नव्हती. (इथे लेखकाला वर्गशिक्षकांची खरोखरच दया येते. दोन वर्ग एका खोलीत आणि वर हा अंक.)

प्रकाशन लाल फीत सोडून करावे. पाहुणे पान उलटतात तेवढ्यात फोटो काढावा. उशीर झाला तर ते वाचू लागण्याचा धोका असतो, पण सहसा ते आपल्या मनोगतापाशी थांबतात. फोटो लगेच केंद्राच्या ग्रुपवर टाकावा. अंकाला प्लास्टिकचे कव्हर घालून तो कपाटात कुलूपबंद करावा आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे द्यावी. एखादी आई ‘आमच्या पोरानं काय लिवलंय ते बघू द्या’ म्हणत दारात आलीच, तर तपासणी झाल्यावर या, असे सांगावे.

पुढच्या वर्षी मुखपृष्ठावरचे साल आणि सरपंचांचा फोटो बदलला की झाले.