डावीकडून तिसरी

माजी विद्यार्थी संघाचं एक बरं असतं, भरती आपोआप होते. दर उन्हाळ्यात नवे ‘माजी’ तयार होतात, त्यांतला एखादा उत्साही निघतो आणि जुन्या खजिनदाराला पावतीपुस्तक त्याच्या गळ्यात घालून सुटता येतं. शाळाच बंद पडली की ही सोय जाते. मग आहेत तेच माजी, शेवटपर्यंत. संघातली सगळ्यांत लहान सभासद सत्तरीला टेकली तरी ‘अगं, तू तरुण आहेस, तू कर’ म्हणून खुर्च्या मांडायचं काम तिच्याकडेच राहतं.

फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलचं असंच झालं. १८८५ साली निघालेली ही शाळा १९७७ साली बंद पडली. शाळाच काय, अख्खं हॉस्पिटल बंद पडलं. ते होतं शहराच्या मालकीचं, गोरगरिबांच्या आश्रयगृहातून वाढलेलं. ब्लॉकली भागात होतं म्हणून लोक त्याला ‘ओल्ड ब्लॉकली’ म्हणायचे. ज्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही, तो पेशंट इथे यायचा. ज्यांनी आपल्याकडच्या ‘सिव्हिल’मध्ये एखादी रात्र बाकड्यावर काढली आहे, त्यांना जास्त वर्णनाची गरज नाही.

तिथे १८८४ साली अॅलिस फिशर नावाची इंग्रज बाई आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या लंडनमधल्या शाळेत शिकलेली. तिने वॉर्ड घासून घेतले, नर्सेसना शिस्त लावली आणि पाठोपाठ शाळा काढली. जेमतेम साडेतीन वर्षांत हे सगळं उरकून १८८८ साली ती वारली. पन्नाशीही गाठली नव्हती. तिला हॉस्पिटलच्या शेजारच्याच वुडलँड्स दफनभूमीत पुरलं, आणि पुढे पिढ्यानपिढ्या या शाळेच्या मुली दर वर्षी तिच्या थडग्यापाशी जात राहिल्या. पुण्यतिथ्यांची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. पण मला वाटतं, त्या जाण्यात भक्तीइतकाच धाकही असणार. मेट्रन ही व्यक्ती गेली म्हणून राउंडला यायची थांबेल, यावर कुठल्याही नर्सचा पटकन विश्वास बसत नाही.

या शाळेची खूण म्हणजे तिची टोपी, दुहेरी झालरीची. शाळा बंद पडल्यावर वर्षभरात तिचा जो इतिहास छापून आला, त्याचं नावसुद्धा ‘द डबल फ्रिल’. त्या काळी अमेरिकेत प्रत्येक नर्सिंग शाळेची टोपी वेगळी असायची. लांबलचक वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली बाई कुठल्या शाळेची, हे नुसत्या टोपीवरून ओळखता यायचं, आणि ओळखल्यावर नाकही मुरडता यायचं. बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठाच्या नर्सिंग शाळेत ‘फ्लॉसी’ नावाची जाळीदार टोपी होती. ती आमच्या पहिल्या मुख्य बाईंना खुद्द नाइटिंगेलबाईंनी दिली, असं तिथल्या मुली छाती फुगवून सांगत. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यूवाल्यांचा बिल्ला टिफनीकडून घडवून घेतलेला, मध्यभागी करकोचा. हे सगळं ऐकताना मला आमच्याकडच्या गणपती मंडळांची आठवण येते. मानाचा पहिला कोण आणि दुसरा कोण, हे ज्याचं त्याला पक्कं ठाऊक असतं.

पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत टोप्या गेल्या. त्या पडद्यांत अडकायच्या, सलाइनच्या नळ्यांत अडकायच्या, शिवाय त्यांच्यावर जंतू बसतात असं निघालं. खरं कारण मला वाटतं वेगळंच असावं. बारा तास पायांवर उभं राहून वर डोक्यावरची झालरही सांभाळायची, याचा बायकांना वीट आला होता. डोक्यावर असताना जिचा वैताग होता, तीच टोपी काचेच्या कपाटात गेल्यावर मात्र फार देखणी दिसू लागली.

एक गोष्ट अशा आठवणींच्या कार्यक्रमांत हळूच बाजूला सरकवली जाते. या शाळा फार काळ चालल्या, याचं एक कारण असं की त्या हॉस्पिटलला स्वस्तात पडायच्या. शिकणाऱ्या मुली वॉर्ड सांभाळायच्या, रात्रपाळ्या करायच्या, आणि मोबदला म्हणजे राहणं, जेवण आणि ज्ञान. हॉस्पिटलची रात्र त्यांच्या पायांवर उभी असायची. १९६५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने भूमिका जाहीर केली की नर्सिंगचं शिक्षण कॉलेजांत, विद्यापीठांत व्हायला हवं. मागणी रास्त होती. पण त्यानंतर हॉस्पिटलांच्या डिप्लोमा शाळा एकामागून एक मिटत गेल्या. फिलाडेल्फिया जनरलच्या शेजारीच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं हॉस्पिटल, त्यांची १८८६ची शाळाही १९७८ साली गेली. म्हणजे ज्यांच्याशी जन्मभर टोपीवरून स्पर्धा केली, त्याही वर्षभरात माजी होऊन बसल्या.

मग सुरू होतो खोक्यांचा प्रश्न. शाळेच्या पाटीचं काय, हजेरीपटांचं काय, सभेच्या इतिवृत्तांचं काय? घरोघरी माळ्यावर पडलेल्या केप, बिल्ले, कात्र्या, पाठ्यपुस्तकं, फोटो यांचं काय? आपल्याकडे अशा वेळी स्मरणिका काढतात. तीत वारसा चार पानं असतो आणि शुभेच्छुकांच्या जाहिराती चाळीस. फिलाडेल्फियाच्या बायका या बाबतीत नशीबवान निघाल्या. १९८५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नर्सिंग विभागातच नर्सिंगच्या इतिहासाचं एक केंद्र उभं राहिलं. आज ते बार्बरा बेट्स केंद्र म्हणून ओळखलं जातं. बंद पडलेल्या शाळांची दप्तरं तिथे येऊन विसावली. मर्सी-डग्लस हॉस्पिटलचीही आहेत. काळ्या मुलींना बहुतेक नर्सिंग शाळा दार उघडत नव्हत्या, तेव्हा १८९५ साली डॉ. नेथन मॉसेल यांनी फिलाडेल्फियातच डग्लस हॉस्पिटल काढलं, ते नर्सिंग शाळेसकट. पुढे १९४८ साली ते मर्सी हॉस्पिटलमध्ये मिसळलं, आणि १९७३ साली तेही बंद झालं. हयातीत एका दारातून आत येऊ न शकलेल्या मुली आता एकाच कपाटाच्या शेजारशेजारच्या फळ्यांवर बसल्या आहेत.

अशा दप्तरांतून काय हाती लागतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, कारण त्यातला एक ऐवज आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. नऊवारी नेसलेली आनंदीबाई जोशी, शेजारी किमोनोतली जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लांबुली. १० ऑक्टोबर १८८५ चा फोटो. दर महिलादिनी तो आपल्या फोनवर येतोच येतो, निदान तीन नातेवाइकांकडून. तो टिकला कसा? त्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या, तेही फिलाडेल्फियातलंच. म्हणजे अॅलिस फिशर ब्लॉकलीचे वॉर्ड घासून घेत होती, तेव्हा त्याच शहरात आनंदीबाई शरीरशास्त्र घोकत होत्या. १८५० साली निघालेलं हे बायकांचं कॉलेज १९७० साली पुरुषांना खुलं झालं, मग कुणात तरी विलीन झालं, ते पुन्हा दुसऱ्यात. जुनं नाव पाटीवरून गेलं. पण त्याची कागदपत्रं कुणीतरी हट्टाने सांभाळली, आज ती ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि आनंदीबाईंनी १८८३ साली लिहिलेलं प्रवेशाचं पत्रही त्यांत आहे.

मला त्या फोटोतलं सगळ्यांत काय आवडत असेल, तर खालची अक्षरं. कुणीतरी प्रत्येकीच्या नावागावाची नोंद केली आहे, आणि ती चुकीची केली आहे. आनंदीबाईंची ‘आनंदाबाई’ झाली आहे. त्यांचे यजमान गोपाळराव यांची पोस्टातली नोकरी बंगालात श्रीरामपूरला होती, त्या श्रीरामपूरचं ‘सेरानिसोर’ झालं आहे. साबातची ‘ताबात’. लिहिणाऱ्याला धड ऐकू आलं नसेल किंवा वाचता आलं नसेल, पण त्याने लिहिलं. तेवढ्यावर सव्वाशे वर्षांनी लोकांनी तिघींची घरं शोधून काढली. अचूक माहिती मिळाल्यावर लिहू, म्हणत तो थांबला असता, तर आज आपण ‘तीन परदेशी विद्यार्थिनी’ एवढंच फॉरवर्ड करत बसलो असतो.

बायकांच्या शाळेचा वारसा जपायचा म्हटलं की खरी अडचण नावांची असते. पुरुषांच्या कॉलेजात १९५२ सालचा देशपांडे २००२ सालीही देशपांडेच राहतो. नर्सिंग स्कूलच्या हजेरीपटातली मुलगी लग्न करते आणि यादीतून नाहीशी होते. अमेरिकेत आडनाव जातं. आपल्याकडे आम्ही त्याही पुढे. आडनाव जातं, मधलं नाव जातं, आणि सासरच्यांना हौस असली तर पहिलंही जातं. आनंदीबाई स्वतः माहेरच्या यमुना. आता हजेरीपटातली यमुना आणि प्रमाणपत्रातली आनंदी एकच, हे सांगायला शाळेचा जुना कारकून लागतो. शाळा बंद झाली की पहिला घरी जातो तो हा कारकून.

हे मला माझ्या मावशीमुळे कळलं. ती नर्स. एका जिल्ह्याच्या गावी, मिशनच्या हॉस्पिटलातल्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकली. ते स्कूल केव्हाच मिटलं, होस्टेलच्या जागी आता गाड्या लावतात. शाळेची खूण म्हणून तिच्याकडे एक इनॅमलचा किडनी ट्रे आहे, त्यात ती देवपूजेची फुलं काढते. बाकी सगळी शाळा तिच्या हातांत आहे. ती पलंगावर चादर घालते ते पाहण्यासारखं असतं. चादरीची कड गादीच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून वर उचलायची, गादीवर त्रिकोण करून ठेवायचा, खाली लोंबतो तो भाग तळहात पालथा करून गादीखाली सारायचा, मग त्रिकोण खाली सोडून तोही आत. कोपरा असा बसतो की कंपासपेटीतला गुण्या लावून बघावा. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे चालत नाही, कारण दारातून मेट्रन येते. मावशी निवृत्त होऊनही कैक वर्षं झाली, मेट्रन तर त्याआधीच गेली, पण आमच्या घरी एकाही अभ्र्याचं तोंड आजतागायत दाराकडे झालेलं नाही. त्या चादरीत पाय घालणं मात्र पाहुण्याला सहजासहजी जमत नाही. पायथ्याशी ती इतकी घट्ट खोचलेली असते की माणसाला वरून आत सरकावं लागतं, आणि आत गेल्यावर कुशीवर वळायचं धाडस होत नाही. एकदा आमचे एक काका सकाळी म्हणाले, झोप छान लागली, पण आपल्याला दाखल करून घेतलंय असं वाटत राहिलं.

ही असली विद्या कुठल्याच खोक्यात मावत नाही. संग्रहात टोपी ठेवता येते, टोपी घडी करणारे हात ठेवता येत नाहीत, म्हणून संग्रहवाले आता म्हाताऱ्या नर्सेसना बोलतं करून रेकॉर्डिंग करतात. चांगली कल्पना आहे, फक्त त्यांना मधे थांबवायची सोय हवी. मावशीला ‘शाळेबद्दल सांग’ म्हटलं की पहिला अर्धा तास मेसमधल्या आमटीवर जातो.

तेव्हा आम्ही फोटोपासून सुरुवात केली. तिच्या बॅचचा एक ग्रुप फोटो आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुढे बाकावर बसलेल्या बाई आणि डॉक्टर, मागे दोन रांगांत मुली, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांचे चेहरे उन्हामुळे सारखेच त्रासलेले. मागे नाव एकही नाही. मी पेन्सिल घेऊन बसलो. मावशीने नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर ठेवला, कारण तिच्याकडेही तोच फोटो आहे. पहिली रांग सुरळीत गेली, म्हणजे नावं मिळाली नाहीत पण टोपणनावं मिळाली. बारकी, चष्मेवाली, टीबी वॉर्डात चक्कर येऊन पडलेली. सासरची नावं दोघींना ठाऊक होती, पण कुठलं कुणाचं यावर एकमत नव्हतं. गाडी अडली ती दुसऱ्या रांगेत.

“डावीकडून तिसरी बारकीची बहीण,” मावशी म्हणाली.

“बारकीला बहीणच नव्हती,” नागपूर.

“मग लांब वेणीवाली.”

“ती त्या दिवशी नाइट करून झोपली होती. फोटोला उठवलं नाही म्हणून आठवडाभर बोलत नव्हती माझ्याशी. विसरलीस?”

मावशीने भिंग लावून फोटो पुन्हा पाहिला. टोपी सारखी होती, एप्रन सारखा होता, पट्टाही होता.

“अगं, ही मेट्रनबाईंची भाची!” पलीकडून एकदम आवाज आला. “सुट्टीत आली होती बघ. रांगेत एक जागा रिकामी राहिली, फोटोग्राफरला ते बरं दिसेना, म्हणून हिला माझी दुसरी टोपी घालून उभी केली.”

“म्हणजे ही नर्स नव्हेच?”

“नर्स कसली, सातवीत होती.”

मी पेन्सिल खाली ठेवली. मावशीने ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

“लिही,” ती म्हणाली. “मेट्रनची भाची, इयत्ता सातवी, टोपी उसनी. आणि कुणाची उसनी तेही लिही, नाहीतर ही नागपूरवाली मला फोन करकरून जीव खाईल.”