हिंगणे बुद्रुकचा अनिवासी

पडद्यावर नुसतं 'प्रिय' दिसत होतं. तेही धूसर.

"दिसतंय का रे?" आईने विचारलं.

"आई, जरा लांब धर."

पडदा हलला. छताचा पंखा, भिंतीवरचं कालनिर्णय आणि आईचा अंगठा असं क्रमाने दर्शन झालं, आणि पुन्हा 'प्रिय'. त्या प्रियच्या पुढे 'ग्राहक' आहे आणि त्याच्या केवायसीची मुदत संपली आहे, एवढं कळायला माझं जेवण गार झालं.

गेली नऊ वर्षं मी जर्मनीत, फ्रांकफुर्टजवळ राहतो. माझं टपाल मात्र पुण्यात, कर्वेनगरला, आईकडेच राहतं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हा तिच्यावरचा संस्कार, त्यामुळे आधी ती पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून जमेल तेवढं वाचते आणि मग फोडायची परवानगी मागते. वाचून झालेली पत्रं साडीच्या खोक्यात जातात. त्यात तीन गठ्ठे आहेत: बँकेची, बँकेचीच असावीत अशी, आणि लग्नपत्रिका.

चूक माझीच. परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाला भारतात साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं, हा नियम मी वाचला आणि प्रामाणिकपणे बँकेला कळवून बसलो. एनआरओ म्हणजे नॉन-रेसिडेंट ऑर्डिनरी. आईला नॉन-रेसिडेंटचं काही वाटलं नाही. "ऑर्डिनरी कशाला म्हणतात पण? शिकलेला आहेस ना तू?" व्याजावर तीस टक्के कर आणि वर उपकर कापला जाईल, हे सांगायचं मी मग पुढच्या रविवारवर ढकललं.

खरी लढाई पत्त्यावर झाली. माझ्या पासपोर्टवर 'हिंगणे बीके' आहे आणि बँकेच्या दफ्तरी 'कर्वेनगर'. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, ही हिंगणे बीके कुठल्या बँकेची ब्रँच?" मी सांगितलं, बीके म्हणजे बुद्रुक. बुद्रुक म्हणजे मोठं. धाकटं हिंगणे खुर्द मुठेपलीकडे, सिंहगड रस्त्याला. तिने थोडा विचार केला. "म्हणजे सर, तुमची दोन घरं आहेत?"

आता हिला कुठून सांगायला सुरुवात करायची? १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवांचा आश्रम तिथे नेला, आणि पुढे माळाला वस्ती आणि वस्तीला त्यांचं नाव चिकटलं, इथून? तिच्या यंत्रणेत या माहितीसाठी रकाना नव्हता. याच कर्व्यांनी १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, जगप्रवास केला आणि जर्मनीत आइनस्टाइनलाही भेटून आले. १९५८ साली शंभरी गाठल्यावर त्यांचं टपाल तिकीट निघालं. हयात असताना स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ज्या गावच्या माणसाचं तोंड टपालखात्याने स्वतः छापलं, त्या गावच्या रहिवाशाला पत्ता सिद्ध करायला सांगत होते!

शेवटी वाचवलं ते ४११०५२ने. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच माणसाने १५ ऑगस्ट १९७२ला देशाला पिनकोड दिला. हे गृहस्थ संस्कृतात कविता आणि नाटकं लिहीत, म्हणजे सहा आकड्यांत अर्थ कोंबणं त्यांना अवघड नसावं. ४११ म्हणजे पुणे, ०५२ म्हणजे आमचं टपाल कार्यालय. दोन्ही पत्त्यांचा पिन एकच निघाला आणि माझी दोन घरं एक झाली.

मग ओटीपी. माझं भारतातलं सिम आईच्या जुन्या फोनमध्ये असतं आणि तो फोन देव्हाऱ्याशेजारी, कारण घरात रेंज तिथेच येते. आई सहा आकडे सुटे सुटे वाचत नाही. "सत्तेचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर." मी एकोणसाठ म्हणजे पन्नाशीतलं की साठीतलं हे ठरवेपर्यंत वेळ संपते. जर्मनही सत्तेचाळीसला आधी सात आणि मग चाळीस म्हणतात, त्यामुळे नऊ वर्षं तिथे राहून माझ्यात कसलीही सुधारणा झालेली नाही.

एवढं करून वकिलातीतून साक्षांकित केलेले कागद पाठवले, तर महिन्याने उत्तर आलं: सही जुळत नाही. हे मात्र खरं होतं. खातं उघडलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि मोठेपणी कोणीतरी होणार होतो. सहीही त्याच बेताची केली होती. देवनागरी, 'र'ला लांब शेपूट, शेपटाखालून उलटी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. इथे कार्ड नुसतं टेकवून टेकवून त्या सहीची पार गोगलगाय झाली. आईने खोक्यातून कधीकाळचा रद्द केलेला चेक शोधला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. या वेळी 'जवळ धर' म्हणालो. स्वयंपाकघराच्या टेबलावर, जर्मन सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या पाठीमागे, मी चाळीस वेळा स्वतःचीच सही गिरवली. 'र'चं शेपूट येत होतं, पण ती अठराव्या वर्षाची ऐट येत नव्हती.

"घाबरत घाबरत करू नकोस," आई म्हणाली, "खोटी वाटते."

एकेचाळिसावी पाठवली. चालली!

नवं कार्ड जर्मनीच्या पत्त्यावर निघालं. इथे टपालपेटीवर नाव असेल तरच पत्र पडतं. घराला फ्लॅट नंबर नसतो आणि 'वनदेवीजवळ, दुसरा जिना' वगैरे सोय नाही. बँकेच्या पाकिटावर आधी नाव, मग वडिलांचं नाव, आणि जागा संपल्यामुळे आडनावाची पहिली दोनच अक्षरं. टपालपेटीवर आमचं फक्त आडनाव. पोस्टमनने दोन्ही नीट वाचून पाहिलं असणार. जर्मन माणूस. पाकीट परत गेलं. बँकेने ते कायमच्या पत्त्यावर पाठवलं.

काल रात्री फोन वाजला. पडद्यावर पंखा, कालनिर्णय, अंगठा.

"अरे, तुझं काहीतरी जाड आलंय. ट्यूबसमोर धरलं तर आत चौकोनी दिसतंय. फोडू?"