तुळशीचे दस्तक

मनुष्याने परदेशगमन करावयाचे झाल्यास त्याच्याजवळ पारपत्र असावे लागते, हे आता शाळकरी पोरासही ठाऊक आहे. परंतु तुळशीच्या एका जुडीने समुद्रापार जावयाचे मनात आणल्यास तिनेही आपले लॅटिन नाव, आपली जन्मभूमी आणि आपल्या अंगावर अमुक एक किडा वास्तव्य करीत नाही अशी सरकारी ग्वाही बरोबर बाळगली पाहिजे, ही गोष्ट आमच्या थोरल्या वहिनींना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी युरोपातील एका विमानतळावर कळली. चिरंजीवांनी तिकडे घर घेतले, सत्यनारायणाचा बेत ठरला, आणि वहिनी एका पेटीत तुळस, दूर्वा, आंब्याचे डहाळे, विड्याची पाने, केळीची दोन पाने, पाच नारळ व वेलची केळ्यांची एक फणी असा सारा सरंजाम भरून विमानात बसल्या.

नाक्यावरील अंमलदार मोठा विनयशील होता. त्याने पेटी उघडली, नारळ व केळी बाजूस काढून आदराने वहिनींच्या स्वाधीन केली आणि उरलेला सरंजाम जप्त केला. युरोपीय संघाने 14 डिसेंबर 2019 पासून असे फर्मान काढले आहे की, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ताज्या फळापानाजवळ, मग ते प्रवाशाच्या पिशवीत का असेना, वनस्पती-आरोग्याचा दाखला असलाच पाहिजे. अपवाद केवळ पाच फळांचा: अननस, नारळ, ड्युरियन, केळे आणि खजूर. केळीच्या फळास मुभा आणि त्याच केळीच्या पानास मज्जाव, हा न्याय वहिनींना अखेरपर्यंत उमगला नाही. आमच्याकडे ज्याला घरी पाठवावयाचे त्याच्या हाती नारळ देतात. त्या अंमलदाराने नारळाला तेवढे आत घेतले आणि बाकी सर्वांना नारळ दिला.

तथापि युरोपियनांचे चुकले असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून आणलेल्या द्राक्षवेलींच्या मुळांवर स्वार होऊन एक मावेवजा क्षुद्र कीटक फ्रान्समध्ये उतरला आणि ज्या मळ्यांच्या मद्यावर अर्धे जग डुलत होते ते मळे त्याने मुळापासून शोषून टाकले. त्या तडाख्याने शुद्धीवर आलेल्या राष्ट्रांनी 1878 साली बर्न येथे करार केला आणि पुढे 1951 साली रोम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने या दाखल्याचा नमुनाही ठरवून दिला. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताक फुंकून पितो. तो विड्याचे पानही फुंकून पाहणारच.

आमचे दप्तरही याबाबतीत रिकामे नाही. विघातक कीटकांविषयीचा कायदा आमच्याकडे 1914 पासून आहे, आणि त्याच्याच आधारे 2003 साली काढलेल्या आदेशान्वये परदेशी रोपाजवळ परवाना व दाखला दोन्ही मागितले जातात. मात्र कायदा चाळिशीचा झाला असता, 1955 च्या सुमारास, पुण्यात एक पांढऱ्या फुलांचे सुकुमार गवत दिसू लागले. ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे मानतात. त्याच्याजवळ दाखला नव्हता, परवाना नव्हता, आणि वहिनींसारखे ते पेटीही उघडून दाखवीत नव्हते. आज गाजरगवत नाही असा रस्ता दाखवून देणाऱ्यास आम्ही स्वखर्चाने पेढे देऊ.

हापूसाची कथा तर अधिक हृदयद्रावक. फळमाशीच्या अपराधाबद्दल युरोपने आमच्या आंब्यास बंदी केली, ती अंमलात आली 1 मे 2014 रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनी. आणि त्याच्याबरोबर कारले, पडवळ, वांगे व अळू यांनाही हद्दपार केले. कारल्याची बंदी आम्ही स्वतः बालपणीच मागितली होती. अळूचे दुःख मात्र पचावयास जड गेले. पुढे 2015 मध्ये आंब्यावरील बंदी उठली. हल्ली युरोपास निघालेल्या हापूसाला 48 अंशांच्या पाण्यात तासभर अभ्यंगस्नान घालतात, जे आमच्या घरच्या जावयासही दिवाळीच्या पहिल्या दिवशी घडत नाही.

आता त्या दाखल्याविषयी. आंतरराष्ट्रीय नमुन्यात, ज्यांचे नाव घेऊन मनाई केली आहे अशा किडींपासून हा माल मुक्त आहे असे लिहितात; इतर किडींपासून तो 'जवळजवळ' मुक्त आहे, असेही वाटल्यास लिहिण्याची सोय आहे; आणि दाखल्यापासून उद्भवणाऱ्या कोणत्याही आर्थिक दायित्वाशी खात्याचा वा त्याच्या अधिकाऱ्यांचा संबंध राहणार नाही, असे कलमही इच्छेस आल्यास घालता येते. ज्या कोण्या विद्वानाने हे 'जवळजवळ' शोधून काढले त्याला आमचा साष्टांग नमस्कार. इतका जबाबदार आणि इतका बिनजबाबदार मजकूर एकाच कागदावर आजवर केवळ पत्रिका जुळविणारे ज्योतिषीच देत आले आहेत.

सत्यनारायण यथासांग झाला. तुळशीच्या जागी अक्षता वाहिल्या, प्रसादाच्या शिऱ्यात केळी पडली. चौरंगाच्या चार कोपऱ्यांना केळीचे चार खांब होते, हिरवेगार, पानांसकट. ते प्लास्टिकचे होते आणि नाक्यावर त्यांना कोणी काही विचारले नव्हते.