कॅशियरकाका

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी साडेपाचला बँक उघडते. जास्वंदीजवळचा सिमेंटचा बाक हे तिचं काउंटर. त्यावर डावीकडे भिंग, उजवीकडे टॉर्च लावलेला मोबाइल, मध्ये स्टीलची सहा इंची पट्टी आणि ओला स्पंज. स्पंजाचा इथे काडीचा उपयोग नाही, पण तो नसला की काकांना स्वतःची बोटं आपली वाटत नाहीत. समोर आठ-दहा मुलं रांगेत. रांग मोडली की काका चष्मा काढून खिशात ठेवतात. खिडकी बंद झाली, हे मग कुणाला सांगावं लागत नाही.

"चला, पुढचा."

पुढचा सरकतो. हातात पोकेमॉनचं कार्ड.

"कुठून आलं?"

"शाळेत एक्स्चेंज केलं."

"काय देऊन?"

"दोन पिकाचू आणि अर्धा वडापाव."

काका कार्ड हातात घेतात, पण बघत नाहीत. डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एकदा फिरवतात आणि परत देतात.

"वडापाव वाया गेला."

यांचं खरं आडनाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही. सगळ्यांचे ते कॅशियरकाका. ३७ वर्षं बँकेत काढली. दोनदा प्रमोशन नाकारलं, कारण ऑफिसर झालं की कॅशची खिडकी सुटते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शंभराची एक खोटी नोट हातून निसटली आणि ते शंभर रुपये त्यांना पगारातून भरावे लागले. त्या शंभराच्या वसुलीसाठी हा माणूस उरलेली पस्तीस वर्षं दबा धरून बसला होता. निवृत्त झाले ३१ ऑक्टोबर २०१६ला. बरोबर आठ दिवसांनी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, नोटाबंदी जाहीर झाली. अख्खा देश रांगेत उभं राहावं लागलं म्हणून हळहळला. काका काचेच्या पलीकडे बसायला मिळालं नाही म्हणून. "जन्मभर रियाज केला आणि मैफलीच्या तोंडावर गळा बसला," असं काकू सांगतात. त्यांच्या आवाजात सहानुभूती कमी असते.

कारण बँकेतून सुटलेली ती नजर घरात वळली. काकांनी मधाची परीक्षा घेतली, पनीरची घेतली. हापूसवाल्याला देवगडचा कुठला रस्ता पुढे कुठे वळतो ते विचारलं. काकूंच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला. "लग्नात मंगळसूत्र उजेडात धरून बघितलं होतं," काकू म्हणतात, "आणि मग मला."

अशा रिकामटेकड्या पारख्याला शेवटी मुलांनी काम दिलं. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात दहा रुपयांची पाकिटं मिळतात, त्यात पोकेमॉनची सोनेरी कार्डं. सोनेरी म्हणजे नखशिखांत सोनेरी, हळदीकुंकवाच्या डबीसारखी. आमच्या चिरंजीवांनी ती काकांना अभिमानाने दाखवली.

"दहा रुपयांत सोनं?" काकांनी विचारलं. एवढ्या एका प्रश्नावर त्यांची दुसरी नोकरी सुरू झाली.

त्यांनी खात्याच्या परीक्षेला बसावं तसा अभ्यास केला. पहिल्याच पानावर त्यांना साक्षात्कार झाला. ही कार्डं जपानमध्ये पहिल्यांदा बाजारात आली ऑक्टोबर १९९६ मध्ये, आणि आपल्याकडे महात्मा गांधी मालिकेच्या नोटा आल्या त्याही १९९६ मध्ये. "भावंडंच की!" काका म्हणाले. तेव्हापासून पिकाचूबद्दल त्यांच्या बोलण्यात घरोबा आला. मग मापं पाठ झाली: रुंदी ६३ मिलिमीटर, उंची ८८. सोन्याचा उलगडाही झाला. कंपनीने पंचविसाव्या वर्षी, २०२१ मध्ये, एका महागड्या पेटीत धातूची दोन कार्डं खरोखरच दिली होती. "पण ती पेटी आपल्या दुकानात वहीच्या कव्हरांशेजारी लटकत नाही," काकांनी निकाल दिला. बाकी खेळ बहुतांशी कागदाचाच. त्यामुळे पाकिटातलं झाडून सगळं सोनं एका संध्याकाळी बाद झालं. बागेत सुतक पसरलं.

काकांच्या परीक्षांना क्रम आहे. पहिली बोटांची. "खोटी नोट ओळखायला खोट्या नोटा बघत बसावं लागत नाही रे. खऱ्या इतक्या मोजायच्या की खोटी आली की बोट आपोआप अडखळतं. भातात खडा लागतो तसं. खडा कसा दिसतो याचा कुणी क्लास लावतं का?" पण त्यासाठी खरं कार्ड हाताखालून जायला हवं. ते आमच्या चिरंजीवांच्या न्यू जर्सीच्या आत्याने पाठवलेल्या पाकिटातून मिळालं. पाण्याच्या एनर्जीचं साधं कार्ड. बागेतला कुठलाही मुलगा फुकट दिलं तरी घेणार नाही असं. काकांनी ते पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलं आणि त्याला 'मास्टर' असं नाव दिलं. कोट्यवधींच्या कार्डांची लायकी ठरवणारं आमच्याकडचं प्रमाण हे असं कवडीमोलाचं आहे.

दुसरी परीक्षा उजेडाची. अस्सल कार्डाच्या पोटात कागदाच्या दोन थरांमध्ये एक काळपट थर असतो, तो उजेड अडवतो. पुष्कळशा नकली कार्डांत तो नसतो. मागून टॉर्च मारला की कार्ड आकाशकंदिलासारखं उजळतं. "पण एकट्या कार्डावर टॉर्च मारून निकाल द्यायचा नाही," काका बजावतात, "शेजारी मास्टर धरायचं. माणूस उंच की बुटका, हे दुसरा उभा केल्याशिवाय कळत नाही."

तिसरी भिंगाची. चित्र चार रंगांच्या बारीक ठिपक्यांचं असतं, खऱ्यातही आणि खोट्यातही. पण खऱ्या कार्डावरची काळी अक्षरं काळ्या शाईची, भरीव, काठाला स्वच्छ. नकली छापणारा बहुतेक वेळा खऱ्याचं स्कॅन घेतो, मग त्याची अक्षरंही ठिपक्यांची होतात आणि भिंगाखाली मुंग्या लागल्यासारखी दिसतात. चौथी परीक्षा पाठीची: मागची निळाई फिकट किंवा जांभळट निघाली की संशय. पाचवी शुद्धलेखनाची. पोकेमॉनच्या इंग्रजी नावातल्या 'ई'वर एक तिरकी रेघ असते. नकली छापणाऱ्यांना ती पुष्कळदा दिसतच नाही. "वेलांट्या खाणारी जमात जगभर आहे," असं म्हणून काका समोरच्या पोराच्या हाताने कार्डावरचं नाव पाटीवर लिहवून घेतात. आणि कार्डभर चित्र असलेल्या नव्या महागड्या कार्डांची सहावी परीक्षा म्हणजे नखाची: त्यांवर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेघांचा उठाव असतो. खोटं कार्ड बशीसारखं गुळगुळीत.

इथवर सगळं ठीक होतं. पण काकांना ओळखून थांबता येईना. बँकेत खोटी नोट सापडली की ती परत देत नाहीत. शिक्का मारतात, जप्त करतात आणि आणणाऱ्याला पावती देतात. काकांनी 'बनावट' असा रबरी शिक्का करून घेतला, वर पावतीपुस्तक. एका वेळी चारपर्यंत खोट्या नोटा सापडल्या तर महिन्याअखेर पोलिसांना एकत्रित अहवाल जातो, पाच झाल्या की थेट एफआयआर. काकांनी त्याचं बागेपुरतं रूपांतर केलं: चार कार्डांपर्यंत महिन्याअखेर आईला, पाचवं निघालं की त्याच दिवशी वडिलांना.

आठवड्यात आयांचं शिष्टमंडळ कमिटीकडे गेलं. कमिटीने ठराव केला की शिक्का मारावा, जप्ती करू नये. आणि इथे अर्थशास्त्राने मान टाकली. शिक्का मारलेली कार्डं बाजारात परत आली तेव्हा मुलांना ती जास्तच आवडायला लागली. चारिझार्ड या पोकेमॉनचं साधं नकली कार्ड एका पेन्सिलीला, 'बनावट' शिक्क्याचं तीन पेन्सिलींना. पंधरवड्यात काकांच्या हाती एक कार्ड आलं. शिक्का त्यांचाच, पण 'ब'चं पोट उलटं. कुणीतरी बटाटा कोरून काकांचा शिक्का बनवला होता. कार्ड खोटं, त्यावरचा खोटेपणाचा दाखलाही खोटा. काकांनी ते भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. पण सदतीस वर्षांत आपली कुणी नक्कल केली नव्हती, याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

आणि मग कथा. काका दोन गोष्टी सत्यनारायणाच्या पोथीसारख्या सांगतात, प्रसाद म्हणून शेंगदाण्याची चिक्की. पहिली अमेरिकेतल्या लोगन पॉलची. त्याने २०२१च्या शेवटी ३५ लाख डॉलर मोजून एक सीलबंद खोकं घेतलं. आत पहिल्या आवृत्तीच्या कार्डांच्या सहा पेट्या असणार होत्या. जानेवारी २०२२ मध्ये शिकागोत खोकं उघडलं, तर आत जी. आय. जो नावाच्या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं! "रुपयांत सांगतो," काका इथे आवाज खाली आणतात, "सुमारे सव्वीस कोटी. साधुवाण्याच्या नावेत लतापत्रं निघाली ना, तसं. आणि खोकं तज्ज्ञांनी आधी खरं म्हणून पास केलेलं!" दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म. खेळ बाजारात येण्याआधीची चाचणीची कार्डं म्हणून काही कार्डं मोठ्या भावाने विकली गेली, तीही प्रमाणित, प्लास्टिकच्या पेटीत बंद. पुष्कळसे रंगीत प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात आणि त्यात छपाईची तारीख दडलेली असते. शौकिनांनी ते ठिपके वाचले. १९९६च्या आसपासच्या म्हणवणाऱ्या काही कार्डांवर तारीख निघाली २०२४ची. "म्हणून सांगतो, दाखल्याचाही दाखला मागा."

हा उपदेश माझ्याच उपयोगी पडला. चिरंजीवांच्या वाढदिवसाला मी एका विक्रेत्याकडून जुना चारिझार्ड घ्यायचा ठरवला, पहिल्या संचातला, १०२ पैकी ४ क्रमांकाचा. भाव ऐकून मला तो विक्रेता मागच्या जन्मीचा भाऊ वाटला. काकांनी फोन स्पीकरवर घेतला.

"मागची बाजू दाखवा."

फोटो आला.

"आता कड दाखवा. आडवी, जवळून. मग कार्ड उजेडात तिरकं फिरवून व्हिडिओ."

"काका, विश्वास नाही का?"

"विश्वास असता तर बँकेने काच कशाला बसवली असती?"

कडेचा फोटो आला नाही. समोरून हसतमुख फोटो, पण बाजूने एकही नाही, असं स्थळ आपण पत्रिका न बघता सोडतो, हे काकांचं म्हणणं मला पटलं. मागच्या जन्मीच्या भावाने मला ब्लॉक केलं.

अशा माणसाची सत्त्वपरीक्षा बी विंगमधल्या सातवीतल्या मुलाने घेतली. त्याच्या मामाने सिंगापूरहून एक कार्ड आणलं होतं, आणि त्याच्या आईने ते पँटच्या खिशासकट वॉशिंग मशीनला लावलं होतं. कार्ड पापडासारखं फुगलेलं, रंग उतरलेला, कडा दळदार. बोट अडखळलं, पण ते धुण्यामुळे की खोटेपणामुळे? पट्टीला चौसष्ट भरलं. टॉर्चने घोळ घातला. भिंगाखाली शाईच पसरलेली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा काका म्हणाले, "सांगता येत नाही."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "फेकच असणार." मुलाचे कान लाल झाले.

"माझा मामा फेक आणणार नाही. काका, फाडून बघा. आत काळी रेघ दिसते ना?"

काका उठूनच उभे राहिले. खोटी नोटसुद्धा त्यांनी कधी फाडली नव्हती. तीन दिवस त्यांनी टाळलं, मुलगा तीन दिवस रांगेत पहिला. प्रश्न कार्डाचा राहिलाच नव्हता, मामाच्या अब्रूचा होता. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "लेखी अर्ज दे." त्याने दिला: 'माझे कार्ड माझ्या मर्जीने व मामाच्या इज्जतीसाठी फाडावे ही विनंती.'

काकांनी स्पंजावर बोट टेकवलं, कार्ड धरलं आणि मधोमध फाडलं. दोन पांढऱ्या थरांमध्ये काजळाने ओढावी तशी काळी रेघ. सगळी बाग तिच्यावर ओणवी झाली. कार्ड अस्सल होतं. म्हणजे होतं तोवर.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दोन्ही तुकडे पट्टीशी लावून जुळवले. "नियम आहे," ते म्हणाले. "एकाच नोटेचे दोन तुकडे, दोन्ही मिळून नोट पूर्ण होत असेल, तर चिकटवून आणलेल्या नोटेचे बँक पूर्ण पैसे देते. बोल, किंमत काय होती?" आणि पाकीट काढलं.

मुलाने पैसे घेतले नाहीत. सेलोटेप मागितला.

आता ते कार्ड तो पारदर्शक वहीत पहिल्या पानावर ठेवतो. बाजारात त्याला कुणी एक रुपया देणार नाही. पण बागेत ते एकच कार्ड आहे ज्याच्यावर कुणी टॉर्च मारत नाही, भिंग धरत नाही. तो फक्त सांगतो, "फाडून बघितलंय," आणि समोरच्याची बोलती बंद.

परवा साडेपाचला खिडकी उघडली. रांगेत सगळ्यात पुढे पहिलीतली एक चिमुरडी होती. तिने दहा रुपयांच्या पाकिटातलं लखलखीत सोनेरी कार्ड दोन्ही हातांनी बाकावर ठेवलं.

"काका, माझं पण फाडा ना."