तुम्ही एकटेच आहात ना?

विमानात हा प्रश्न आला तर दचकायचे कारण नाही. विचारणाऱ्याला तुमच्या लग्नाची काळजी नसते, त्याला तुमची खिडकी हवी असते. पाठोपाठ ठरलेले वाक्य येते, ‘मिसेसना मागे सीट मिळालीय, जरा ॲडजस्ट कराल का?’ विनंती आपली तोंडदेखली. कारण विनंती करणारा बहुधा त्या जागेवर आधीच स्थानापन्न झालेला असतो. पट्टा लावलेला, चपला काढून पाय मोकळे सोडलेले, समोरच्या कप्प्यात पाण्याची बाटली आणि चष्म्याचे घर कोंबलेले. बोर्डिंग पास ज्याच्या हातात आहे, तोच उभा असल्यामुळे उपरा दिसतो. त्याच्यामागे अरुंद वाटेत बॅगा धरून रांग खोळंबलेली असते आणि रांगेला न्याय-अन्यायाशी कर्तव्य नसते, ‘काय ते लवकर मिटवा’ एवढेच तिचे म्हणणे. अशा वेळी चर्चा सौजन्याची होते आणि नकार देणारा माणूसघाणा ठरतो. माझे म्हणणे असे की इथे सौजन्याचा प्रश्न नंतरचा, आधीचा हिशोबाचा आहे. आणि हिशोब मांडला तर माणूसघाणेपणाचा आरोप भलत्याच माणसावर होतो आहे, हे दिसते.

आपल्याकडे प्रत्येक वाहनाने जागेचा आपापला कायदा केला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. पुढे खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा गावोगाव मान्य झाला. रुमालापुढे आमदार-खासदारांसाठी राखीव असल्याची पाटीसुद्धा हतबल असे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याची एक मांडी बाकावर आणि दुसरी वाटेवर असली तरी ती ‘सीट’च असते आणि तिच्यासाठीही ‘कुठे उतरणार?’ असे विचारून आगाऊ नंबर लावावा लागतो. पण अदलाबदलीचे खरे शिक्षण आपल्याला दिले ते रेल्वेच्या स्लीपरने. एका खणात आठ बर्थ, भाडे सगळ्यांना सारखे, आणि कुणाच्या वाट्याला काय येईल ते संगणकाची मर्जी. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, तरी एखाद्या आजीबाईंना वरचा लागतोच. आणि खाली लागलेल्या कॉलेजच्या पोराला वरचाच हवा असतो, कारण तिथे दिवसाढवळ्या लोळता येते. खाली मधला बर्थ लावायचा रात्री दहाला आणि पाडायचा सकाळी सहाला, तोवर आणि त्यानंतर तिघांनी ताठ बसायचे. म्हणून तिथली अदलाबदल हा खराखुरा व्यवहार होता. दोघांच्या आवडी वेगळ्या, दोघांचाही फायदा, आणि भाड्यात फरक नसल्यामुळे कुणाचे एक पैशाचे नुकसान नाही. पुरीभाजीचा डबाही त्यातूनच पुढे येई.

हे सगळे संस्कार घेऊन आपण विमानात चढलो आणि तिथे गणितच बदललेले आहे हे कुणी सांगितले नाही. देशात सर्रास दिसणारे एअरबस ए३२० घ्या. ओळीत सहा जागा, मधून वाट. तीस ओळी धरल्या तर १८० जागा आणि त्यांतल्या साठ मधल्या. विमान भरलेले असेल तर साठ माणसांनी दोन्ही बाजूंची कोपरे सोसत जायचे आहे, हे उड्डाणाआधीच ठरलेले असते. कितीही जणांनी कितीही जागा बदलल्या तरी साठाचे एकोणसाठ होत नाहीत. फक्त साठाव्या माणसाचे नाव बदलते. स्लीपरच्या वरच्या बर्थला चाहते होते, मधल्या सीटला एकही नाही. म्हणजे खिडकीच्या बदल्यात वाटेकडची जागा मागणे ही अदलाबदल. खिडकीच्या बदल्यात मधली देऊ करणे ही वर्गणी. त्यात २०१५ पासून आपल्या विमान कंपन्यांना पसंतीच्या जागेचे वेगळे पैसे घ्यायची मुभा आहे. ज्याने मोजून खिडकी घेतली त्याला ‘ॲडजस्ट करा’ म्हणणे म्हणजे त्याच्या खिशातून आपल्या संसाराचा खर्च चालवणे. गंमत म्हणजे, हाच गृहस्थ चेक-इन करताना शेजारशेजारच्या जागांचे दर बघून ‘छे, जागेचे कसले पैसे!’ म्हणालेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो, ‘दोन तासांचा तर प्रवास, काय फरक पडतो?’ फरक पडत नसेल तर मिसेस मागेच बऱ्या आहेत. हा युक्तिवाद दुधारी आहे आणि तो करणाऱ्याच्या हातात नेहमी उलटा धरलेला असतो. दुसरा आक्षेप लहान मुलांचा. त्यात दम होता, पण २०२४ च्या एप्रिलमध्ये हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएने विमान कंपन्यांना बजावले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या निदान एका पालकाशेजारी बसवा. म्हणजे ही जबाबदारी कंपनीची, १४ एफमध्ये बसलेल्या गृहस्थाची नाही. तरी ताटातूट झालीच, तर मूल एकटे सोडून स्वतः डुलकी काढण्याइतके कुणी दगड नसते. जागा मिळते, आणि न मागता मिळते. तिसरा आक्षेप मात्र मला अडवतो. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा. पंधरा-सोळा तासांचा प्रवास, आजोबांना दर दोन तासांनी उठायचे, आणि जागा मिळालेली ३-४-३ च्या रचनेत चौघांच्या मधोमध. वाटेकडची जागा त्यांना द्यावी, यात वाद नाही. पण बघा, इथे मागणारा गरज सांगतो आहे, हक्क नव्हे. आणि ज्याच्याकडे मागतो त्यालाही कळते की रात्रभर आजोबांसाठी गुडघे दुमडण्यापेक्षा एकदाच उठून मधे बसलेले परवडले. उदारपणाच्या पोटात थोडा स्वार्थ असला की तो पंधरा तास टिकतो.

उरला आक्षेप माणुसकीचा. पण माणुसकी नेहमी एकट्याने प्रवास करणाऱ्याकडूनच का वसूल होते? नवरा-बायकोने मिळून मागे जाऊन तिथल्या दोघांना पुढच्या जागा देऊ केल्याचे दृश्य दुर्मीळ. शिवाय अदलाबदल आपसात झाली तरी विमानातल्या याद्या जुन्याच राहतात. आगाऊ मागवलेले जैन जेवण सीट नंबरावर निघते आणि नव्या मालकापुढे येऊन बसते. खऱ्या मालकाला सहा ओळी मागून हात हलवून आपला धर्म जाहीर करावा लागतो. आपत्कालीन दाराजवळच्या ओळीत तर लहान मूल किंवा मदतीची गरज असलेला माणूस बसवताच येत नाही. तिथे पाय पसरायला जागा आहे म्हणून सासूबाईंना हौसेने नेऊन बसवणाऱ्यांची वरात हवाई सुंदरी हसतमुखाने परत आणते. म्हणून मागायचे तर आधी काउंटरवर मागावे, मग विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे, आणि शेजाऱ्याकडे सगळ्यांत शेवटी, तेही उभ्याने. त्याने ‘नाही’ म्हटले तर कारण विचारू नये. नकार द्यायला हवा तेवढा सोपा असेल, तरच होकाराला काही किंमत.

आपल्या लोकांना जागा सोडवत नाही असे मात्र नाही. कोल्हापूर-जळगावकडे जाणाऱ्या एटीआरमध्ये बघा. छोटे विमान, दोन्हीकडे दोन-दोन जागा, मधली सीट हा प्रकारच नाही. प्रवासी कमी असले की विमानाचा तोल साधण्यासाठी कर्मचारी पुढच्या चार-पाच जणांना सांगतात, ‘प्लीज, मागे बसा.’ खिडकीचे पैसे भरल्याची आठवण तेव्हा कुणालाच होत नाही. सगळे निमूट उठतात, पिशव्या उचलतात आणि मागे जाऊन बसतात. वजनाचा प्रश्न आहे म्हणतात, पण कुणाच्या वजनाचा, हे विचारायची हिंमत त्या चार-पाचांपैकी एकालाही होत नाही.