गाडी सुरूच्या बनातच थांबवा

स्वतः गाडी चालवत कोकणकिनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत जायचं, याइतकं सुख मला दुसऱ्या कुठल्या प्रवासात मिळालेलं नाही. बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, वेसवीला उतरवायची. पुढे दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. घाई कितीही असो, खाडी थांबवतेच. आरे-वारेच्या चढावर एका वळणाला समुद्र असा अंगावर येतो की पाय आपसूक ब्रेकवर जातो. एवढं सगळं रस्त्यावरून दिसत असताना गाडी पुळणीवर न्यायचीच कशाला?

जानेवारीतली गोष्ट. दापोलीच्या बाजूचा एक किनारा, दुपारचे बारा. एका दणकट गाडीने ओल्या वाळूत गरागरा चकरा मारल्या आणि फोटोसाठी ती पाण्याच्या कडेला उभी राहिली. जाळं शिवत बसलेले एक आजोबा उठून सांगायला गेले, “भाऊ, गाडी वर घ्या. पाणी भरतंय.” पाचच मिनिटं, गाडीवाले म्हणाले. ओली वाळू वरून सिमेंटसारखी घट्ट दिसते. पण उभ्या गाडीखाली पाणी शिरलं की ती सैल पडते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तसं चाक आपलाच खड्डा खोल करत जातं. तासाभरात पाणी दाराला लागलं. मग ट्रॅक्टर, दोरखंड, गावातली आठ माणसं कमरेभर पाण्यात. त्यांच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र संताप आवरेना.

त्या दिवशी चतुर्थी होती. किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी आणखी वर चढतं. मोबाइलच्या नकाशावर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत सगळं बघून निघणाऱ्यांनी घरच्या भिंतीवरचं कालनिर्णयही बघावं.

गाडी बुडाली तर विमा असेल. ऑलिव्ह रिडले कासवाला कसला विमा? नोव्हेंबर ते मार्च मादी याच पुळणींवर येते, भरतीच्या रेषेच्या जरा वर खड्डा करून शंभरेक अंडी घालते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं. आज कितीतरी गावांतली पोरं पहाटे काळोखात किनारा पालथा घालतात, अंडी उचलून कुंपणात जपतात, पिल्लं बाहेर आली की वाळूवर सोडतात. पिल्लू आपल्या अंगठ्याएवढं. चाकाने पाडलेली चर त्याला खंदकासारखी. चढता येत नाही म्हणून ते चरीतूनच चालत राहतं, आणि वर कावळे टपलेलेच असतात.

संध्याकाळी मी पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो. पाण्याजवळच्या चकरा भरतीने केव्हाच पुसल्या होत्या. सुरूच्या बनातून खाली आलेल्या दोन चाकोऱ्या मात्र तशाच होत्या, वीतभर खोल. पाणी तिथवर पोचत नाही. मादी अंडी घालते ती तिथेच.